आठ सोसायट्या, दोन गल्ल्या आणि एक नागरिक मंच: कामं प्रत्यक्षात कशी करून घ्यायची?

रेवती_म

पुण्यात कोथरूड भागात आठ सोसायट्या, बंगल्यांच्या दोन गल्ल्या आणि ओढ्याकाठची छोटी वस्ती मिळून एक नागरिक मंच उभा राहतोय. साधारण साडेचारशे घरं. मुख्य दुखणी चार: रस्त्यावरचे दिवे सारखे जातात, फुटपाथ सलग नाही, पहिल्या मोठ्या पावसात चौकात पाणी साचतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला जाळला जातो.

जाणकारांकडून हवं आहे ते असं. मंचाची नोंदणी करावी का? तक्रार कशी द्यावी म्हणजे ती "निकाली" शेरा मारून बंद होणार नाही? मनपाच्या अंदाजपत्रकात आपलं काम कसं बसवायचं? पाला आणि ओला कचरा परिसरातच जिरवायला नेमकं काय लागतं? "एकी ठेवा, पाठपुरावा करा" हे सगळ्यांना माहीत आहे. आकडे आणि पायऱ्या सांगितल्यात तर फार उपयोग होईल.

---

नोंदवही

रेवतीताई, नोंदणीपासून सुरुवात करू नका. खड्डा, दिवा, कचरा यांची तक्रार द्यायला नोंदणीकृत संस्था लागत नाही. पहिले सहा महिने साधा मंच म्हणून काम करा. प्रत्येक सोसायटीच्या व्यवस्थापक समितीने "आमच्या वतीने अमुक दोन सभासद मंचावर असतील" असा ठराव करून त्याची प्रत द्यावी. हे आठ ठराव क्षेत्रीय कार्यालयात दाखवता आले की कोण कोणाच्या वतीने बोलतंय हा प्रश्न मिटतो.

नोंदणी लागते ती स्वतःच्या नावाने बँक खातं काढायचं असेल, देणगी घ्यायची असेल, किंवा मनपाशी बाग वा दुभाजक सांभाळायचा करार करायचा असेल तेव्हा. किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावं लागतं, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलंच.

बहुतेक मंडळं अडकतात ती पुढे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो दोन-तीन वेळा राहिला की कागदोपत्री जुनीच माणसं विश्वस्त राहतात. त्यातलं कोणी परगावी गेलं, कोणी वारलं, आणि मग बँक नव्या सह्या स्वीकारत नाही. म्हणून वार्षिक सभा झाली की त्याच आठवड्यात इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रं वकिलाकडे पोचली पाहिजेत. हिशोबाचं ऑडिटही दरवर्षी लागतं. एवढं सांभाळणारा एक माणूस नक्की असेल तरच नोंदणी करा.

मुंबईत चित्र वेगळं आहे. तिथे 1997 च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनपासून एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, सुरू झालं. गल्लीतले रहिवासी वॉर्ड ऑफिसात गट म्हणून नोंद करतात आणि घनकचरा खात्याशी थेट बोलतात. धर्मादाय नोंदणी न करताही गटाला ओळख मिळते, हा त्याचा मोठा फायदा. पण वॉर्डातले अधिकारी बदलले की संबंध पुन्हा पहिल्यापासून जोडावे लागतात, त्यामुळे पत्रव्यवहाराची फाईल गटाकडे हवीच.

---

खांब_क्रमांक

दिव्यांचं सांगतो, कारण पहिलं यश इथेच लवकर मिळतं.

एका संध्याकाळी चौघांनी अंधार पडल्यावर पूर्ण परिसर पायी फिरायचा. प्रत्येक खांबावर रंगाने किंवा पट्टीवर क्रमांक असतो. वहीत चार रकाने: खांब क्रमांक, जवळची खूण, दिव्याची अवस्था, झाडाची फांदी आड येते का. नंबर पुसला असेल तर शेजारच्या दोन खांबांचे नंबर लिहा.

मग नकाशावर बंद खांबांना खुणा करा आणि त्यांची मांडणी बघा. बंद दिवे कसे विखुरलेत यावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

एकच दिवा बंद असेल तर दोष त्या खांबातच: दिवा, त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर नावाचा भाग, किंवा खांबाच्या बुडाशी झाकणाआड असलेला फ्यूज. दर तिसरा खांब बंद असेल तर एक फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एक, गेलेली असते, कारण खांब ओळीने आर, वाय, बी फेजवर वाटलेले असतात. असा दिवा बदलून काहीच होत नाही. फीडर पिलरमध्ये, म्हणजे खांबांना वीज वाटणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीत, बघावं लागतं. एका खांबापासून पुढची सगळी ओळ बंद असेल तर मधली केबल तुटलेली असते. तिथे नुकती खोदाई झाली आहे का ते पाहा, बहुतेकदा झालेली असते. अख्खा रस्ता बंद किंवा दिवसा दिवे चालू असतील तर फीडर पिलरमधला टायमर.

आता तक्रार अशी लिहा: "खांब 14, 17, 20, 23 बंद; मधले चालू; एक फेज नसावी; फीडर पिलर अमुक सोसायटीच्या फाटकाशेजारी." अशा तक्रारीवर वायरमन योग्य सामान घेऊन येतो. "आमच्या रस्त्यावर अंधार आहे" एवढंच लिहिलं तर तो येतो, समोरचा एक दिवा बदलतो आणि तक्रार बंद होते. यात त्याचा दोष नसतो, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं.

दोन सूचना. पावसात खांबाला हात लावायचा नाही, बुडाचं झाकण उघडं दिसलं तर ती तक्रार तातडीची म्हणून फोनवर द्यायची. आणि फांदी आड येत असेल तर विद्युत विभागाला लिहून उपयोग नाही. छाटणीची परवानगी उद्यान विभागाकडून येते, अर्ज तिकडे. सोसायटीच्या वॉचमनने कुऱ्हाड चालवणं हा 1975 च्या वृक्ष कायद्याचा भंग ठरू शकतो.

---

रेवती_म

@खांब_क्रमांक, फेजचं हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे अगदी दोन चालू, एक बंद असाच प्रकार दिसतो. शनिवारी फेरी काढतो.

पण रस्त्याची तक्रार फोटोसह टाकली तरी दोन दिवसांत "काम पूर्ण" असा निरोप येतो आणि खड्डा तिथेच. यावर काय करावं?

---

मोजमाप

यावर सविस्तर लिहितो, कारण मंच थकतात ते इथेच.

आधी रस्ता कोणाचा ते पक्कं करा. सोसायटीच्या लेआउटमधला अंतर्गत रस्ता मनपाकडे हस्तांतरित झालेला नसेल तर मनपा तिथे खर्च करू शकत नाही. तो नकार खरा असतो आणि त्यावर भांडण्यात वर्षं जातात. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. मनपाच्या आतही पथ विभाग, मलनिस्सारण, पाणीपुरवठा असे तुकडे आहेत. चेंबरभोवतीचा खड्डा पथ विभागाकडे टाकला की "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून बंद होतो. तक्रार बंद होण्यामागे चुकीचं खातं हेच कारण फार वेळा असतं.

दुसरं, एक तक्रार म्हणजे एकच जागा. "रस्त्यावर अनेक खड्डे" यातला एक बुजवला तरी तक्रार नियमाने निकाली निघते. प्रत्येक खड्ड्याला स्वतंत्र क्रमांक, लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, आणि मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो ज्यात मागची ओळखीची इमारत दिसते. काम न होता बंद झाली तर त्याच जागेवरून, त्याच कोनातून दुसरा फोटो काढून जुन्या क्रमांकाचा उल्लेख करत पुन्हा उघडा. तिसऱ्यांदा ऑनलाइन जाऊ नका. लेखी पत्र, दोन प्रती, एकीवर क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागाचा शिक्का आणि तारीख. पत्र उपअभियंत्याच्या पदनामाने, प्रत सहायक आयुक्तांना.

तिसरं, माहितीचा अधिकार. खड्डा का बुजवला नाही असं विचारू नका. "का" या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. म्हणून कागद मागा:

- अमुक रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाचा कार्यादेश
- एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, त्यातली संबंधित पानं
- दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते दाखवणारं निविदेतलं पान
- गुणवत्ता चाचणीचे अहवाल

दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हा कागद हातात असताना लिहिलेलं पत्र आणि नसताना लिहिलेलं पत्र यांच्या परिणामात खूप फरक पडतो.

अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, मंचाच्या नको. कायदा हा हक्क नागरिकाला देतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रस्ता आणि दिवे एकत्र घालू नका. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या 30 दिवसांत. त्याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी वापरला जातो. काम चालू असतानाच तो कामाला येतो.

पुणे मनपात 2009 पासून सोमवारी दुपारी 3 ते 5 फाईल पाहायला मिळण्याची पद्धत पडली. जायच्या आधी त्या खात्यात चौकशी करून जा. फाईल समोर बसून पाहिली की नेमकं कोणतं पान मागायचं ते कळतं, आणि शंभर पानांच्या झेरॉक्सचे पैसे वाचतात.

---

डांबर_आणि_खडी

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. खड्डा बुजवल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा का उखडतो ते रहिवाशांनी समजून घेतलं तर काम चालू असतानाच अडवता येतं.

नीट बुजवायचा तर खड्ड्याच्या कडा उभ्या, चौकोनी कापतात. सैल खडी, माती, पाणी काढून तळ कोरडा करतात. तळाला आणि कडांना डांबराचा पातळ थर देतात, त्याला टॅक कोट म्हणतात. मग गरम मिश्रण थराथराने टाकून रोलरने किंवा प्लेटने दाबतात. यातलं टॅक कोट आणि दाबणं या दोन पायऱ्या सर्रास गाळल्या जातात. ओल्या खड्ड्यात फावड्याने मिश्रण ओतून वर टेम्पोचं चाक फिरवलं की ते काम पहिल्या सरीत निघणार हे ठरलेलं.

केबल आणि पाइपच्या चरांचं दुखणं आणखी मोठं. चर भरताना माती 15 ते 20 सेंमीच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायचा असतो. प्रत्यक्षात सगळी माती एकदम लोटतात आणि वर काँक्रीटचा पातळ थर ओढतात. आत पोकळी राहते, पावसाचं पाणी शिरतं, माती बसते, वरचा थर तुटतो. म्हणून खोदाई दिसली की लगेच परवानगीचं पत्र मागा. त्यात लांबी, रुंदी, तारखा आणि कोणत्या कंपनीसाठी ते लिहिलेलं असतं. परवानगी 100 मीटरची आणि खोदाई 160 मीटरची, असं आढळलं तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च खोदणाऱ्याकडून मनपाने आधीच भरून घेतलेला असतो, त्यामुळे "निधी नाही" हे उत्तर इथे लागू पडत नाही.

---

पेठेतला

सहभागी अंदाजपत्रकाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात हे 2006 पासून आहे. नागरिक आपल्या प्रभागातलं 5 लाख रुपयांपर्यंतचं काम सुचवू शकतात. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात आणि मुदत थोडी असते. जाहिरात आल्यावर विचार करायला बसलं तर मुदत निघून जाते. कामांची यादी जुलैतच तयार पाहिजे.

अर्ज नाकारला जाण्याची ठरलेली कारणं आहेत. जागा मनपाची नाही. रस्ता हस्तांतरित नाही. खर्च 5 लाखांवर जातो. काम आधीच दुसऱ्या शीर्षाखाली मंजूर आहे. किंवा "परिसर सुशोभीकरण" असं इतकं मोघम लिहिलंय की अभियंत्याला अंदाजच काढता येत नाही.

म्हणून मापं द्या. "अमुक सोसायटीच्या फाटकापासून तमुक बसथांब्यापर्यंत, रस्त्याची डावी बाजू, 60 मीटर लांब, 1.8 मीटर रुंद, म्हणजे 108 चौरस मीटर फुटपाथ. दोन ठिकाणी उतार. एक डीपी (वीजवाटपाचा) बॉक्स आड." कनिष्ठ अभियंत्याला सोबत घेऊन जागा दाखवा आणि दरसूचीप्रमाणे ढोबळ खर्च काढून मागा. 5 लाखांपुढे जात असेल तर कामाचे स्वतंत्र उभे राहू शकणारे दोन भाग करा आणि पहिला भाग असा निवडा की दुसरा झाला नाही तरी त्याचा उपयोग होईल. बसथांब्याकडचा भाग आधी.

मंजूर झालं म्हणजे झालं असं नाही. एप्रिलमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपलं काम शोधून पान आणि संकेतांक लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर अभियंत्याकडे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा सविस्तर अंदाज, झालं का विचारा. निविदा डिसेंबरपर्यंत निघाली नाही तर फेब्रुवारी-मार्चच्या घाईत काम उरकलं जातं किंवा रक्कम वर्गीकरणाने दुसरीकडे जाते. हे वर्गीकरण गुपचूप होत नाही, त्याचा प्रस्ताव येतो. वेळेवर कळलं तर हरकत घेता येते.

---

सावली

@पेठेतला यांनी 1.8 मीटर लिहिलं, ते कुठून आलं ते सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकात, आयआरसी 103 मध्ये, निवासी भागात चालायला किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच मोकळी जागा सांगितली आहे. मोकळी म्हणजे त्यात खांब, डीपी, झाड, पाटी काही येता कामा नये. तीन मीटरचा फुटपाथ असूनही मधोमध डीपी बसवला तर मानकाच्या हिशोबाने तो नापासच. कठड्याची, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेची, उंची 15 सेंमीपेक्षा जास्त नको. आपल्याकडे एक फूट उंच फुटपाथ बांधतात, म्हातारी माणसं चढू शकत नाहीत आणि रस्त्यावरून चालतात.

आणखी एक, प्रत्येक फाटकाशी फुटपाथ खाली उतरवू नका. गाडीने चढावं, माणसाने उतरू नये. कठड्यालगतच्या पट्ट्यात गाडीसाठी उतार द्यायचा आणि चालायची पातळी सलग ठेवायची. हे नकाशातच मागावं लागतं. ब्लॉक बसल्यावर कोणी बदलत नाही.

झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणू देऊ नका. चहूबाजूंनी एक मीटर माती उघडी हवी. बुंधा आवळला की मुळांना पाणी-हवा मिळत नाही, दोन-चार पावसाळ्यांत झाड झुकतं आणि मग तेच झाड "धोकादायक" म्हणून तोडायच्या यादीत येतं. तोडण्याची नोटीस झाडावर लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. मंचाच्या एका सभासदाकडे फक्त हेच काम द्या: आठवड्यातून एकदा झाडांवरच्या नोटिसा पाहणं.

---

चौकातला

गतिरोधकाबद्दल थोडक्यात. प्रत्येक मंचाची पहिली मागणी हीच असते आणि चुकीचा गतिरोधक नसलेल्यापेक्षा वाईट. मानक उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंमी उंच असतो. त्यावरून गाडी ताशी 25 किमीने सहज जाते. गल्लीत लोक हाताने ओततात तो दीड-दोन फुटांचा उभा उंबरा असतो. त्यावर दुचाकी घसरते, रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. अर्ज पथ विभागाकडे करा आणि वाहतूक शाखेची शिफारस जोडा. सोबत 40 मीटर आधी सूचना फलक आणि पांढरे पट्टे हेही मागा. पट्टे पुसले की पुन्हा तक्रार.

---

पालापाचोळा

माझा विषय आला! रेवतीताई, पाला जाळण्यावर आधी कायद्याचं: उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच दंड ठरवला आहे, साध्या प्रकाराला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये. पण दंडाने पाला नाहीसा होत नाही. झाडणाऱ्या ताईंना पाला टाकायला जागा मिळाली की काडी लागणं आपोआप थांबतं. म्हणून आधी जागा.

जाळीची कोठी अशी बनते. वेल्डमेश जाळी, भोक एक इंच, उंची 4 फूट, लांबी 13 फूट. गोल वळवून टोकं तारेने बांधली की 4 फूट व्यासाचा पिंप तयार. तळ उघडाच, थेट मातीवर. फरशीवर ठेवलात तर गांडुळं आत येत नाहीत. एका बाजूची तार सोडली की कोठी उघडते, खत काढायला दार वेगळं लागत नाही.

भरताना एक फूट पाल्याचा थर, त्यावर भरपूर पाणी, मग शेणकाला (10 लिटर पाण्याला साधारण 1 किलो शेण) आणि पायाने तुडवायचं. पुन्हा थर. तुडवल्याशिवाय भरलीत तर कोठी दोन दिवसांत "भरते" आणि आत नुसती हवा असते. दोन-तीन आठवड्यांत ती निम्म्यावर बसते, वरून पुन्हा भरा. महिन्यातून एकदा वरखाली करा. पाच-सहा महिन्यांत खालचं खत काळं, भुरभुरीत होतं.

फसतं कुठे? जवळजवळ नेहमी पाण्यावर. कोरडा पाला पाणी धरत नाही, ते बाजूने वाहून जातं. वरून ओलं दिसतं, हात कोपरापर्यंत घातला की आत चिप्ससारखा कोरडा. म्हणून पाला आधी टाकीत किंवा ताडपत्रीवर भिजवून मगच घाला. दुसरं, पानांचा प्रकार. गुलमोहर, शिरीष, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, बदाम, वड यांची जाड पानं आख्खी घातलीत तर वर्षभर तशीच राहतात; चुरा करून घाला. आठ सोसायट्यांत मिळून एक श्रेडर पुरतो. तिसरं, पाल्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि दुधाच्या पिशव्यांचे तुकडे येतात. झाडतानाच वेगळे केले नाहीत तर नंतर चाळून निघत नाहीत.

आता ओला कचरा. चार माणसांच्या घरात दिवसाला अर्धा किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. साठ घरांची सोसायटी म्हणजे 30 किलो. याला पाल्याची सांगड घाला: दोन बादल्या ओल्याला एक ते दीड बादली चुरलेला कोरडा पाला. जानेवारी ते एप्रिल पाला पोत्यांत भरून ठेवा, पावसाळ्यात कोरडा माल मिळत नाही आणि तेव्हाच खताच्या खड्ड्यांना वास सुटतो. वास आला म्हणजे हवा कमी, पाणी जास्त. मूठभर खत दाबून पाहा: मूठ ओलसर झाली पण थेंब गळला नाही तर ठीक. थेंब गळले तर पाला घालून ढवळा. अळ्या झाल्या तर घाबरू नका, वर पाल्याचा जाड थर द्या. उरलेली भाजी-आमटी पाणी निथळूनच घ्या. औषधांच्या बाटल्या, सॅनिटरी पॅड, डायपर हे ओल्यात आले की त्या दिवशी त्या मजल्यावर जाऊन बोला, महिन्याच्या सभेची वाट पाहू नका.

पुणे मनपा सौर ऊर्जा, पर्जन्य जलसंधारण, गांडूळखत असे प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असावा लागतो. तपासणीत कोरडा ठणठणीत खड्डा सापडला तर सवलत जाते.

---

ओढ्याकाठी

वस्तीचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात आला आणि मग कुठेच नाही. हे बहुतेक मंचांचं होतं. सभा रविवारी सकाळी 10 ला सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवली की भाडेकरू, घरकाम करणाऱ्या बायका, रखवालदार, वस्तीतले लोक येत नाहीत. ज्यांना रस्त्यावरच्या दिव्याची आणि सार्वजनिक नळाची सगळ्यात जास्त गरज तेच गैरहजर. एकाआड एक सभा वस्तीतल्या समाजमंदिरात, संध्याकाळी 8 नंतर ठेवा. ओढ्यात कचरा कोण टाकतं यावर आरोप करण्याआधी घंटागाडी वस्तीच्या आतपर्यंत येते का, किती वाजता येते हे पाहा. सकाळी 9 ला गाडी येत असेल आणि बायका 7 ला कामावर जात असतील तर कचरा ओढ्यातच जाणार.

पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या बहुतेक ताया-दादा "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. संस्था 2008 पासून मनपाबरोबर काम करते. मंचाच्या बैठकीला त्यांना बोलवा. कोणत्या इमारतीतून मिसळलेला कचरा येतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांना वर्गीकरणासाठी छपराखालची जागा, नळ आणि हातमोजे द्या.

फेरीवाल्यांबद्दलही सांभाळून. 2014 चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीशिवाय हटवण्याला आळा घालतो. त्या समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि रहिवासी संघटनांनाही जागा. "हटवा" असं पत्र देण्यापेक्षा "फुटपाथची 1.8 मीटर सोडून, या पट्ट्यात इतक्या हातगाड्या" असा नकाशा द्या. भाजी सगळ्यांनाच दाराशी हवी असते.

---

नोंदवही

@ओढ्याकाठी, पूर्ण सहमत. इतिवृत्तात हजेरी लिहिताना सोसायटी, बंगला, वस्ती, भाडेकरू असा रकाना ठेवा. तीन सभांनी कोण येत नाही ते दिसतं.

पैशांचं एक राहिलं. सोसायटीकडून दरमहा घरटी 10 रुपये घेतले तरी साडेचारशे घरांचे 4,500 होतात. जाळ्या, श्रेडरची दुरुस्ती, झेरॉक्स, कोर्ट फी स्टँप यांना ते पुरतात. नोंदणीआधी हे पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात जमा करू नका. एका सोसायटीने आपल्या हिशोबात वेगळं शीर्ष उघडून ठेवावेत आणि बाकीच्यांना तिमाही हिशोब द्यावा. आणि ज्या कामासाठी मनपाच्या अंदाजपत्रकात तरतूद आहे ते वर्गणीतून करू नका. फुटपाथचे ब्लॉक वर्गणीतून बसवले की पुढची दुरुस्तीही आपल्याच गळ्यात पडते.

---

मोजमाप

चौकात साचणाऱ्या पाण्याबद्दल. एप्रिलमध्येच पावसाळी गटाराचे सगळे चेंबर आणि कठड्यातली तोंडं मोजून घ्या. डांबराचा थर चढत गेल्याने तोंडं अर्धी बुजलेली किंवा चेंबर रस्त्यापेक्षा वर-खाली असतात. पाण्याला वाटच नसते. तिथे गाळ काढून काही होत नाही, चेंबर पातळीत घ्यावा लागतो, आणि ते काम पावसाळ्याची खोदाईबंदी लागायच्या आत व्हायला हवं.

गाळ काढला की तो त्याच दिवशी उचलला जातो का पाहा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या पावसात परत आत. काढण्याआधी, काढताना, उचलल्यावर असे तीन फोटो, चेंबरच्या क्रमांकासह. घरांच्या गच्चीचं पाणी मलवाहिनीला जोडलेलं असेल तर पावसात मैलापाण्याचे चेंबर उसळतात. ही जोडणी सोसायट्यांचीच असते, मनपाकडे बोट दाखवण्याआधी आठही सोसायट्यांनी आपापला प्लंबर लावून तपासावं.

---

रेवती_म

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून सभेत वाचते. @पालापाचोळा, एक विचारायचं होतं: जाळीच्या कोठ्या फुटपाथच्या कडेला झाडाखाली ठेवल्या तर चालतील का? बंगल्यांच्या गल्लीत दुसरी जागा नाही.

---

पालापाचोळा

बुंध्याला टेकवून नको. कुजताना आत उष्णता तयार होते, ओल धरून राहते, साल कुजते. बुंध्यापासून निदान 3 फूट लांब. फुटपाथची चालायची जागा तर अडवायचीच नाही, वर सावलीताईंनी सांगितलेली 1.8 मीटर सुटली पाहिजे. गल्लीत तेवढी रुंदी नसेल तर शेवटच्या बंगल्याच्या कुंपणाआतली जागा मागा, किंवा जवळच्या मनपाच्या बागेतला कोपरा. बागेसाठी उद्यान विभागाला पत्र द्या: किती कोठ्या, कोणत्या कोपऱ्यात, पाणी कुठून, देखरेख कोणाची. तयार खतातलं निम्मं बागेला देऊ असंही त्यात लिहा, परवानगीला सोपं जातं. दोन कोठ्यांपासून सुरुवात करा. एक भरत असताना दुसरी कुजत राहते. ट्रान्सफॉर्मर, डीपी आणि पार्किंगपासून लांब ठेवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर रोज ओला राहील एवढं पाणी त्यावर मारायची जबाबदारी नाव घालून एकाकडे द्या.